शिंपिणींचा रविवार

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘दृक्‌प्रत्ययवाद : एक दृष्टिक्षेप’ असा छापला आहे. तो मी दिलेला नाही. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी एस.टी.त होतो आणि ‘रन्वारच्या एका चित्राबद्दल बोलेन’ एवढंच ओरडून सांगितलं होतं. छापखान्यात पोचेपर्यंत त्या एका चित्राचा वाद झाला. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. इम्प्रेशनिझमला मराठीत शब्द हवाच होता आणि अर्थाच्या दृष्टीने हा चोख आहे. पण तो उच्चारला की वाटतं, ही कुणीतरी भाष्यं-टीका लिहिणारी शास्त्रीमंडळी असणार. ज्याच्याबद्दल मी बोलणार आहे तो चित्रकार रन्वार शिंप्याचा मुलगा होता. तेराव्या वर्षी तो कारखान्यात चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं रंगवायला बसला होता. तेव्हा वाद राहू दे. चित्र बघू.

हे चित्र समोर बसलेल्यांपैकी निदान वीस-पंचवीस जणांनी रोज पाहिलेलं आहे. आपल्या शाळेत ड्रॉइंगच्या वर्गात, फळ्याच्या डाव्या हाताला, खिडकीच्या बरोबर समोर एका औषध कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. वर्ष संपलं तरी ते निघालं नाही. मी सातवीत होतो तेव्हा होतं आणि दहावी होऊन बाहेर पडलो तेव्हाही होतं. खाली तारखांचा गठ्ठा, वर चित्र. झाडांखाली बायकापुरुषांची ही गर्दी, काही नाचताहेत, काही बाकावर बसून गप्पा मारताहेत. आम्हाला ते कुठल्यातरी इंग्रजी सिनेमातलं वाटायचं.

ज्यांच्या स्मृतीसाठी आज आपण जमलो आहोत ते ड्रॉइंगचे सर आमच्याकडून एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करून घ्यायचे. त्यात स्मरणचित्राचा पेपर. विषय ठरलेले असत : जत्रा, बाजार, बागेतली संध्याकाळ. सरांचे नियमही ठरलेले. पुढे एक ठळक आकृती घ्यायची, तिच्यामागे तीन-चार मध्यम, त्यामागे नुसते ठिपके. आणि कडेला माणूस कापला गेला की मार्क गेले. हा नियम सांगून झाला की एखादा वात्रट मुलगा कॅलेंडरकडे बोट दाखवायचा. त्यात कडांना माणसं कापली गेली होती. सर शांतपणे म्हणायचे, ‘त्याला परीक्षा द्यायची नव्हती.’

चित्राचं नाव ‘मुलँ द ला गालेतचा नाच’. रन्वारने ते १८७६ साली रंगवलं, तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. कॅनव्हास सुमारे १३१ सेंटिमीटर उंच आणि १७५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या दुहेरी पलंगापेक्षा किंचित लहान. मुलँ म्हणजे चक्की, इथे पवनचक्की. गालेत म्हणजे भाजलेली चपटी पोळी. पॅरिसच्या उत्तरेला माँमार्त्र नावाची टेकडी आहे, तिच्यावर दब्रे घराण्याच्या दोन पवनचक्क्या होत्या. चक्कीवर येणाऱ्यांना हे लोक आपल्याच पिठाची पोळी विकायचे. मग सोबत प्यायला काहीतरी आलं, मग वाजवणारे आले, मग नाच. चक्कीत दळण कमी आणि अंगणात नाच जास्त असं होता होता एकोणिसाव्या शतकात ते नाचाचं ठिकाणच झालं. मला या घराण्याचं फार कौतुक वाटतं. धंदा बुडतोय हे बघून रडत न बसता त्यांनी गिऱ्हाईक कशासाठी येतंय ते पाहिलं.

माँमार्त्र १ जानेवारी १८६० पर्यंत पॅरिसमध्ये नव्हतं. शेजारचं गाव होतं. शहराच्या हद्दीत आलं तरी वळण गावाचंच राहिलं : चढाच्या गल्ल्या, परसबागा, जिप्समच्या खाणी, आणि शहरापेक्षा कमी घरभाडं. खाली बॅरन ओस्मानने जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढले होते आणि त्यात उठलेली गरीब बिऱ्हाडं अशा कडेच्या वस्त्यांत चढून आली होती. इथे राहत होत्या कपडे शिवणाऱ्या मुली, धोबिणी, फुलं बनवणाऱ्या, टोप्यांच्या कारखान्यात जाणाऱ्या. रविवारी दुपारी या मुली नटून दब्र्यांच्या अंगणात येत. कधी आई बरोबर असे, कधी धाकटी भावंडं. नाच दुपारी सुरू होई आणि रात्री गॅसच्या दिव्यांखाली चालू राही. चित्रात वरच्या बाजूला झाडांमधून लोंबणारे पांढरे गोळे दिसतात ते हेच दिवे. दुपार आहे म्हणून ते पेटलेले नाहीत.

रन्वारने याच टेकडीवर, कोर्तो रस्त्यावर १२ क्रमांकाच्या जुन्या घरात जागा भाड्याने घेतली. घर मोडकळीला आलेलं, मागे रान माजलेली मोठी बाग. आज तिथे माँमार्त्रचं संग्रहालय आहे. जॉर्ज रिव्हिएर नावाचा त्याचा मित्र, सरकारी नोकरीतला माणूस, त्या उन्हाळ्यात रोज त्याच्यासोबत असे. पुढे म्हातारपणी, १९२१ मध्ये, त्याने रन्वारवर आठवणींचं पुस्तक लिहिलं. या चित्राबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं त्याच्यामुळे. रिव्हिएर सांगतो की चित्र जागेवरच रंगवलं आणि कॅनव्हास मित्रमंडळी रोज उचलून घरापासून नाचाच्या अंगणापर्यंत नेत. वारा सुटला की त्याचा पतंग होईल अशी भीती. अभ्यासकांना हे सगळं पटत नाही. एवढा मोठा कॅनव्हास गर्दीत उभा करून रंगवणं अवघड, बरंचसं काम स्टुडिओत झालं असणार असं ते म्हणतात. याच दृश्याची एक लहान आवृत्तीही आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच. मला स्वतःला दोन्ही थोडं-थोडं खरं वाटतं. जागेवर बसल्याशिवाय हे ऊन सापडणार नाही, आणि स्टुडिओत गेल्याशिवाय ही गर्दी आवरणार नाही.

आता ऊन. चित्र बघताना सुरुवातीला आपण माणसं मोजतो, पण चित्राचा विषय आहे पानांतून गळणारं ऊन. तुम्ही आंब्याखाली, चिंचेखाली बसला असाल. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात, ते आपल्या अंगावर पडतात, आणि वारा आला की हलतात. कवडसा हा शब्द आपल्याकडे आहे हे आपलं नशीब. समोर आपल्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा गडद कोट बघा. त्यावर गुलाबी-जांभळट फटकारे आहेत. जवळून बघितलं तर कोटाला डाग पडलेत असं वाटेल. चार पावलं मागे गेलं की डाग जातात आणि झाड दिसतं, तेही चित्राबाहेरचं, आपल्या डोक्यावरचं.

१८७६ मध्येच भरलेल्या दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांच्या दुसऱ्या प्रदर्शनात रन्वारने झाडीत उघड्या अंगाने बसलेल्या एका तरुणीचं चित्र ठेवलं होतं, तिच्या त्वचेवरही असेच कवडसे. ‘फिगारो’चा समीक्षक आल्बेर वोल्फ याला त्यात सडत चाललेल्या मांसावरचे हिरवे-जांभळे डाग दिसले. आज आपण वोल्फला हसतो. त्या जमान्यातल्या चित्रशाळांत सावली म्हणजे त्याच रंगात तपकिरी किंवा काळा मिसळायचा, हे डोळ्यांच्या सवयीत मुरलेलं होतं. ही मंडळी उघड्यावर येऊन बसली तेव्हा त्यांना दिसलं की सावली काळी नसते. निळ्या आकाशाखालची सावली निळसर असते, गवताजवळची हिरवट, गुलाबी कपड्याशेजारची जांभळी. ‘मुलँ’मध्ये जिथे काळा आहे असं वाटतं तिथे बहुतेक ठिकाणी गडद निळा आहे. या निळ्यांच्या मागे रसायनशास्त्र आहे. कोबाल्ट निळा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये तयार झाला, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकात. त्याआधी अल्ट्रामरीन म्हणजे अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाची पूड, सोन्याच्या भावाची. ती कोटाच्या सावलीत कोण घालणार? आणि रंग भरण्याची चेपता येणारी कथलाची नळी १८४१ मध्ये निघाली, रन्वार जन्मला त्याच वर्षी. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून ठेवत. ती पिशवी घेऊन टेकडीवर जायचं तर जाता येईल, पण दिवसभर काम करता येणार नाही.

मी एकदा वर्गात सरांना विचारलं होतं, ‘सर, या चित्रात सावली निळी का आहे?’ आम्ही पोस्टर कलरची काळी बाटली सगळ्यात आधी संपवायचो. सर म्हणाले, ‘परीक्षेत सावली गडद. बाहेर गेलास की बघून ठरव.’ त्यांना उत्तर येत नव्हतं असं मला तेव्हा वाटलं.

रन्वारबद्दल बोलताना त्याचा बाप शिंपी होता आणि आई कपडे शिवायची, ही गोष्ट चरित्राच्या पहिल्या पानावर सांगून सोडून देतात. मला वाटतं ती या चित्रात शेवटपर्यंत चालू आहे. पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या अंगात निळ्या-गुलाबी पट्ट्यांचा पोशाख आहे. पट्टा खांद्यावरून कसा येतो, कमरेपाशी कसा आवळतो, बसल्यावर मांडीवर कसा फुटतो हे ज्याने रंगवलंय त्याने कापड टेबलावर पसरलेलं, कातरलेलं, टाचलेलं पाहिलंय. इतर चित्रकारांनी बायकांचे पोशाख रंगवले ते दुकानाच्या काचेतून पाहावेत तसे. याने रंगवले ते शिवणाऱ्याच्या बाजूने. आणि ज्या मुली चित्रात आहेत त्या बहुधा स्वतःच शिवणाऱ्या. आठवडाभर दुसऱ्यांचे रेशमी पोशाख शिवायचे आणि रविवारी स्वतः शिवलेला सुती घालून यायचं. हे चित्र चित्रकाराने नव्हे, एका शिंप्याने दुसऱ्या शिंपिणींचं काढलेलं आहे, असं मी म्हणालो तर कलेचे प्राध्यापक रागावतील. पण आज ते इथे नाहीत.

रिव्हिएरने एक आठवण दिली आहे. मुलींना चित्रासाठी बसवायचं तर त्यांना पटवावं लागे, आणि रन्वार त्यासाठी टोप्या भेट देई. त्या वर्षी चलती असलेल्या टोप्या. पैसे देऊ केले असते तर मुली गेल्या असत्या; पैसे घेऊन चित्रकारापुढे बसणाऱ्या बाईबद्दल वस्तीत काय बोलतात ते त्यांना ठाऊक होतं. टोपीची गोष्ट वेगळी. टोपी रविवारी घालता येते.

रविवार हा शब्द आपण किती सहज वापरतो. फ्रान्समध्ये आठवड्याला एक दिवस सुट्टी देण्याचा पक्का कायदा १९०६ साली झाला. १८७६ मध्ये या मुलींना रविवार मिळत होता तो रिवाजाने आणि कारखानदाराच्या मर्जीने. हंगामात कामं तुंबली की तोही गेला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणगावातल्या बायकांनी त्या पहिल्या रविवारी काय केलं असेल? माझ्या माहितीत त्याचं चित्र नाही. असतं तर ते बघायला मी वाटेल तितका प्रवास केला असता.

इथे मी जरा थांबतो, कारण आतापर्यंत मी हे चित्र गोड-गोड करून सांगितलं. त्याच्याबद्दलचा जुना आक्षेप हाच आहे की ते फार गोड आहे. सगळे तरुण, सगळे हसरे, कुणाच्या हाताला सुई टोचल्याची खूण नाही. आक्षेप पोकळ नाही. त्या टेकडीवर पाच वर्षांपूर्वी काय झालं होतं ते आठवा. १८ मार्च १८७१ ला पहाटे सरकारी फौज माँमार्त्रवरच्या तोफा न्यायला आली, वस्तीतल्या बायकापुरुषांनी सैनिकांना घेरलं, सैनिकांनी गोळीबार करायला नकार दिला, आणि त्याच दिवशी दोन सेनापतींना टेकडीवर गोळ्या घालण्यात आल्या. पॅरिस कम्यून या बंडखोर राजवटीची सुरुवात ती. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात कम्यून चिरडलं गेलं, हजारो माणसं मारली गेली, हजारोंना हद्दपार करून पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर धाडलं. सरसकट माफी मिळाली ती १८८० मध्ये. मधल्या काळात, जून १८७५ मध्ये, त्याच टेकडीच्या माथ्यावर साक्रे-कर या भव्य चर्चचा पाया घातला गेला. देशाच्या पापाचं परिमार्जन म्हणून ते बांधलं जात होतं, आणि पाप कुणाचं हे टेकडीवर राहणाऱ्यांना सांगायची गरज नव्हती. चर्चचं खोदकाम आणि नाचाचं अंगण यांच्यात काही मिनिटांचं अंतर. रन्वार रोज त्याच वाटांवरून जात असणार. चित्रात त्यातलं काही नाही.

आणि मग माझ्या मनात एक शंका येते. ती माझीच आहे, पुस्तकातली नाही. या चित्रातले पुरुष कोण आहेत? ते आपल्याला नेमकं ठाऊक आहे, कारण रिव्हिएरने यादी दिली आहे. टेबलाशी बसलेले चित्रकार फ्रँक-लामी आणि नॉर्बेर गनत, आणि स्वतः रिव्हिएर. नाचणाऱ्यांत चित्रकार जेर्व्हेक्स आणि कोर्दे, सरकारी खात्यातला लेस्त्रँगे, पत्रकार लोत. मध्ये डावीकडे गुलाबी पोशाखातल्या मुलीबरोबर नाचतोय तो क्यूबाहून आलेला चित्रकार, सोलारेस. म्हणजे कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या नाचात पुढचे सगळे पुरुष चित्रकार, लेखक, कारकून. वस्तीतले तरुण मागच्या गर्दीत असतीलही, तिथे चेहरे नुसते रंगाचे फटकारे आहेत. पण या मुलींचे थोरले भाऊ, बाप? १८७६ मध्ये त्यातले काही बोटीने सातासमुद्रापार गेलेले नसतील कशावरून? मी चित्रावर आरोप करत नाही. फक्त, एकदा हा विचार मनात आला की नाचायला जोडीदार कोण मिळालं याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

पुरुषांची नावं मी आडनावांसकट घेतली. मुलींची? एस्तेल. जान. मार्गो. बस. पट्ट्यांच्या पोशाखातली एस्तेल, तिच्या खांद्यावर ओणवी तिची बहीण जान, नाचणारी मार्गो. ज्याने लिहिलं त्याला बाकीची लिहावीशी वाटली नाहीत. रिव्हिएर दुष्ट नव्हता, उलट फार प्रेमाने लिहितो. आपल्याकडच्या जुन्या आठवणींच्या पुस्तकांतही असंच असतं. अमुकराव तमुक, आणि त्यांचं कुटुंब.

यातल्या मार्गोबद्दल थोडं अधिक कळतं. तिचं आडनाव लग्राँ होतं, रन्वारने तिला आणखीही चित्रांत घेतलं आहे. १८७९ च्या हिवाळ्यात ती आजारी पडली. रन्वारने आपल्या ओळखीच्या एका डॉक्टरला पत्रं लिहून तिला तपासायची विनंती केली. या डॉक्टरला चित्रांचं वेड होतं, चित्रकारांकडून फीबद्दल चित्रं घेई. उपयोग झाला नाही, फेब्रुवारीत मार्गो वारली. चित्राला तीन वर्षं पुरी झाली नव्हती. डॉक्टरचं नाव गाशे. होय, तोच, अकरा वर्षांनी व्हॅन गॉघ ज्याच्याकडे उपचाराला गेला आणि ज्याचं त्याने चित्र काढलं.

हे नाव पुन्हा येणार आहे. त्याआधी चित्राचं काय झालं ते थोडक्यात. १८७७ च्या एप्रिलमध्ये ल पलतिए रस्त्यावर या गटाचं तिसरं प्रदर्शन भरलं, त्यात ‘मुलँ’ होतं. रिव्हिएरने प्रदर्शनापुरतं एक छोटं नियतकालिकच काढलं आणि त्यात मित्राची बाजू मांडली. त्याचं म्हणणं असं की हे इतिहासाचं पान आहे. शब्द जपून वापरलेला होता. फ्रेंच कलेत इतिहासचित्र म्हणजे सर्वांत वरचा दर्जा : राजे, युद्धं, देवदेवता, ग्रीक वीर. शिंपिणींचा रविवार त्या पंगतीत बसवणं म्हणजे मानाचं पान कुणाला वाढायचं यावरच वाद घालणं.

त्याच प्रदर्शनात ग्युस्ताव्ह कायबॉतचं पावसातल्या पॅरिसचं भलंमोठं चित्र होतं. कायबॉत पैसेवाला, होड्या बांधणारा, चित्रकार म्हणून मित्रांइतकाच तोलाचा, आणि स्वभावाने फार सज्जन. ‘मुलँ’ त्यानेच विकत घेतलं. पुढे त्याने स्वतःचं चित्र काढलं, ब्रश हातात घेऊन इझलसमोर उभा, आणि मागच्या भिंतीवर ‘मुलँ’ टांगलेलं, उलटं दिसणारं, कारण तो आरशात बघून रंगवत होता. मला हे फार आवडतं. स्वतःच्या चित्रात दुसऱ्याचं चित्र, तेही स्वतःच्या चित्रापेक्षा भाव खाऊन जाणारं. कायबॉतने अठ्ठाविसाव्या वर्षीच मृत्युपत्र केलं होतं : आपला संग्रह सरकारला द्यावा, पण तो माळ्यावर टाकायचा नाही आणि लहान गावच्या संग्रहालयात पाठवायचा नाही. १८९४ मध्ये तो गेला. मृत्युपत्राचा व्यवस्थापक रन्वार. सरकारने दोन वर्षं घोळ घातला, पुराणमतवादी चित्रकारांनी आरडाओरडा केला, शेवटी संग्रहातला एक हिस्सा घेतला आणि उरलेला फुकट मिळत असताना नाकारला. ‘मुलँ’ घेतलेल्यांत होतं. लक्झेंबर्ग संग्रहालय, मग लूव्र, मग झ द पोम, आणि १९८६ पासून ऑर्से, जे मुळात १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन. रेल्वे स्टेशनात या चित्राला बरं वाटत असावं. गर्दीची सवय आहे त्याला.

लहान आवृत्ती मात्र खाजगी हातांतून फिरत राहिली. मे १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती सात कोटी ८१ लाख डॉलरना गेली. घेणारे जपानी कागद-उद्योगपती र्योएई साइतो. त्याच्या दोनच दिवस आधी त्यांनी दुसऱ्या लिलावात आठ कोटी २५ लाख डॉलरना आणखी एक चित्र घेतलं होतं : व्हॅन गॉघचं ‘डॉ. गाशे’. आपण मेल्यावर ही चित्रं आपल्याबरोबर जाळावीत असंही ते एकदा बोलून गेले, मग जगभर ओरड झाल्यावर ते थट्टेने बोललो म्हणाले. थट्टा असो की नसो. मला त्यातलं एवढंच दिसतं की मार्गो आणि तिला वाचवू न शकलेला डॉक्टर एकशे अकरा वर्षांनी एका माणसाच्या मालकीचे झाले, आणि त्या माणसाला हे बहुधा ठाऊकही नव्हतं.

या अंगणात नंतरही चित्रकार आले. तुलूझ-लोत्रेकने १८८९ मध्ये इथलाच नाच रंगवला. त्यात पुढे बसलेल्या बायका नाचायला बोलावणं येईना म्हणून कंटाळलेल्या आहेत, आणि रंगही मळकट हिरवा. १९०० मध्ये एकोणीस वर्षांचा पिकासो जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने पॅरिसला पहिल्यांदा आला आणि त्यानेही ‘मुलँ’ रंगवलं : रात्र, कृत्रिम उजेड, लाल ओठ, अंधारात बुडालेले पुरुष. काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने तपासणी केली तेव्हा कळलं की त्याने पुढ्यात एक लहानसं कुत्रं रंगवलं होतं आणि नंतर रंगाखाली गाडून टाकलं. ही दोन्ही चित्रं खरी आहेत, रन्वारच्यापेक्षा खरी आहेत असंही कुणी म्हणेल. माझं मत वेगळं आहे. लोत्रेक आणि पिकासो यांनी रात्र पाहिली. रन्वार तिथे राहिला आणि त्याने दुपार निवडली. शिंपिणीला सोमवार ठाऊक असतो, तो तिला चित्रात कुणी दाखवायची गरज नसते. दाखवायचा तर तो ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आणि रन्वारला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

मी ऑर्सेला गेलो ते नोकरीतल्या एका कामाच्या निमित्ताने, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. चित्रासमोर पोचलो आणि क्षणभर मला वाटलं, आपण चुकीच्या दालनात आलो. चित्र गुलाबी होतं. मार्गोचा पोशाख गुलाबी, एस्तेलचे पट्टे गुलाबी, जमिनीवरचे कवडसे गुलाबी. माझ्या लक्षातली मार्गो निळसर पांढऱ्या कपड्यात होती. मग लक्षात आलं : कॅलेंडर खिडकीसमोर होतं, आणि छापील चित्रातला लाल उन्हात सगळ्यांत आधी उडतो. चार वर्षं मी ज्याला निळी सावली म्हणत होतो त्यातला निम्मा निळा रन्वारचा आणि निम्मा आपल्या गावच्या उन्हाचा.

रात्री हॉटेलवरून सरांना फोन लावला. तेव्हा ते ब्याऐंशीचे होते, ऐकू कमी यायचं. रंगाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘खाली काय आहे?’ मला कळेना. ‘अरे, तारखांचा गठ्ठा चित्रावर चढवून चिकटवलेला होता. डावा कोपरा त्याच्याखाली जायचा. तिथे काय आहे?’

म्हटलं, ‘सर, लहान मूल आहे. सोनेरी केसांचं. शेजारी त्याची आई असावी. कडेला कापलं गेलंय.’

लाइनीवर बराच वेळ खरखर ऐकू आली. मग सर म्हणाले, ‘कोपऱ्यात मूल घातलं की मार्क वाढतात. तुम्हाला सांगून थकलो.’